पिवळ्या तोंडाची वायर

"न्हाई," गौसचाचा म्हणाले. "अजून न्हाई."

मी टीव्हीच्या कपाटामागे आडवा पडलो होतो. दातांत टॉर्च, एका हातात वायरचं टोक, दुसऱ्या हाताखाली धूळ. पाठीत सकाळपासून उसण भरली होती. त्या सांदीतून बाहेर यायचं म्हणजे आधी गुडघे, मग कोपरं आणि मग उरलेला मी, असा क्रम होता.

"आता काय राहिलं, चाचा?"

"वरचं. वरचं समदं कापलंय. भोपळा बोलतोय, तार बोलत न्हाई."

पडद्यावर पुण्याच्या मंदाकिनीबाई गात होत्या. त्यांच्या मागे दोन तंबोरे लागलेले, दोन्ही चाचांच्या हातचे. मला बाईंचं गाणं ऐकू येत होतं, तंबोरे ऐकू येत होते, तारांची झणझण ऐकू येत होती, बाईंनी मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण या तिसऱ्या खेपेपर्यंत मला एवढं कळून चुकलं होतं, की मला काय ऐकू येतं याला त्या खोलीत कवडीची किंमत नाही.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सांगलीत माझं होम थिएटरचं दुकान होतं. आजही आहे, आता ते मुलगी बघते. तेव्हा माल विकणं, घरोघरी नेऊन बसवणं आणि नंतर लोकांची बोलणी खाणं ही तिन्ही कामं माझ्याकडेच होती. गौसचाचा मिरजेचे, तंबोरे करणारे. त्यांच्या गल्लीत ते काम करणारी पुष्कळ घरं आहेत. पण जवारी लावून घ्यावी ती गौसचाचांकडूनच, असं गाणारी माणसं म्हणायची.

जवारी म्हणजे काय, हे मलाही त्याच महिन्यात कळलं. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका रुंद, हाडाच्या घोडीवरून जातात. ती घोडी कानशीनं केसभर, केसाच्याही अर्ध्यानं घासत जायचं, तारेखाली सुताचा दोरा पुढेमागे सरकवून बघायचं आणि अशा जागी थांबायचं, की तार छेडल्यावर एका सुराच्या पोटातून आणखी सूर फुलत येतात. जरा कमी घासलं तर तंबोरा मुका राहतो. जरा जास्त झालं तर आवाज टोचायला लागतो. माप कसलंच नाही. कान सांगेल तिथं हात थांबला पाहिजे. म्हणून त्या घरात एक रिवाज होता: जवारीची कानस उस्तादाशिवाय कुणी उचलायची नाही. उस्तादानं ती आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात दिली, तरच ती त्याची.

चाचांचा मुलगा अय्याज ती कानस न घेताच मस्कतला नोकरीला गेला होता. त्यानंच तिकडून फोन करून माझ्याकडे होम थिएटर सांगितलं. "अब्बांना बाईंची डीव्हीडी नीट ऐकू दे, त्यात त्यांचेच तंबोरे आहेत," एवढीच त्याची हौस. अर्ध्या दिवसाचं काम. मी फेब्रुवारीच्या अखेरीला सगळं बसवून, बाईंची तबकडी लावून देऊन आलो आणि विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी फोन. "हुपरीकर, तुमची वायर चोरटी हाय. निम्मा आवाज खाती."

पहिल्यांदा मी प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल वायर टाकली होती. तिच्यात तांबं नसतं, बारीक पारदर्शक धागा असतो, आणि त्यातून आवाज लाल उजेड होऊन जातो. फोन आला म्हणून गेलो, तर आवाज साफ बंद. कपाटामागे डोकावलो आणि कपाळाला हात लावला. चाचांनी भिंतीत खिळा ठोकला होता, त्याला वायरचे दोन वेढे देऊन ती चांगली टणटणीत ताणून बसवली होती.

"चाचा, हे काय केलंत?"

"ढिली हुती की. ढिली तार बोलंल व्हय? तुमी तशीच लोंबती सोडून गेलासा."

"अहो, हिच्यातून उजेड जातो. अशी मुडपली की आतला धागा मोडतो."

मी पिशवीतली नवी वायर लावून तिचं मोकळं टोक त्यांच्या तळहातावर धरलं. कानशीनं घट्टे पडलेल्या त्या हातावर एक लाल ठिपका उमटला. चाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"आवाजाचा उजेड करायचा. परत उजेडाचा आवाज करायचा. आन् वाटंत काय सांडत न्हाई म्हणताय."

"नाही सांडत. हे नुसते आकडे असतात, चाचा. पोचले तर सगळे पोचतात. नाही तर आवाज तुटक होतो, टकटकतो, बंद पडतो. पण फक्त वरचं कापायचं आणि खालचं पोचवायचं, हे या वायरला जमतच नाही. तांब्याची लावा, तिलाही जमत नाही. ती बघा, टीव्हीच्या खोक्यात फुकट आलेली पिवळ्या तोंडाची वायर. चित्राची आहे, पण तांब्याच्या वायरीसाठीच्या त्या केशरी भोकात बसवली तर तिच्यातूनही हाच आवाज येईल."

"तारेनं फरक पडत न्हाई?"

"या कामात नाही पडत."

चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हुपरीकर, पंचावन्न वर्सं तारा लावतोय मी. तीन पोलादाच्या, एक पितळंची. एक तार जराशी जाड पडली तर तंबोरा रडाय लागतो. आन् तुमी मला सांगताय, फरक पडत न्हाई."

त्यांचं त्यांच्या कामात खरं होतं आणि माझं माझ्या कामात. वाद नको म्हणून मी तांब्याची जाडसर वायर लावून आलो. चार दिवसांनी पुन्हा फोन आला, आणि म्हणून आता ही तिसरी खेप. पुन्हा ऑप्टिकल लावली होती, आणि पुन्हा "अजून न्हाई".

"अब्बा, चाय," म्हणत चाचांची सून तस्लीम वर आली. चाचांचा कप तिनं त्यांच्यापुढे ठेवला, माझा हातातच ठेवला. "भाऊ, खाली मिक्सरचा प्लग जळल्यागत वास येतोय. जरा बघता का?"

खाली गेलो. मिक्सर ठणठणीत होता. स्वयंपाकघराला लागूनच कारखान्याची खोली होती. भिंतीला उलटे टांगलेले भोपळे, पॉलिशचा वास, आणि मधोमध सतरंजीवर सुती गवसणीत घातलेले दोन तंबोरे.

"आवाज येतोय वो भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवसापास्नं येतोय. मला समदा येतोय."

"मग चाचांना का..." मी बोलताबोलता थांबलो. तिनं आपल्या कानाला बोट लावून मान हलवली.

"दिवाळीत बाईंचा फोन आलता. म्हणल्या, चाचा, यावेळची जवारी टोचते. अब्बा म्हणले, फोनातनं काय कळतंय. मग आणि दोघांनी तसंच सांगितलं. आता बाईंच्या पंचाहत्तरीचं गाणं हाय पाडव्याला. ही त्यांची जोडी. चिठ्ठी हाय सोबत. लिवलंय, यावेळी बसली नाही तर दुसरीकडे द्यावी लागेल, राग मानू नका."

"मग?"

"बाईंची जोडी गेली की बाकीच्यांची बी जाणार. बाईंच्या नावावरच येतात की सगळी. ह्या घरात दुसरं हाय काय?" तिनं गवसणीवरून हात फिरवला. "अब्बा रोज जोडी काढून बसतात. कानस घेतात, ठेवतात. म्हणतात, आधी त्या डब्यात माझा तंबोरा मला नीट ऐकू दे. डब्यातला बरोबर आला तर माझा कान बरोबर, मग हात लावतो. तुमच्या वायरीवर त्येनी आपला कान पारखाय ठेवलाय, भाऊ."

आता मला त्या दोन फोनांचा अर्थ लागला. मी इतके दिवस तिरसट म्हातारा समजून चरफडत येत होतो. ते बिचारे प्रत्येक वायरबरोबर आपला निकाल मागत होते.

"तुम्ही नाही का सांगत?"

"मी सून. अकरा वर्सं पॉलिश करती, तारा चढवती, दोरा लावून देती. जवारीचं तोंडानं बोलायचं न्हाई मी. तुमी मशिनवाले. मशिन सांगतंय म्हणून सांगा. ऐकतील."

मी वर आलो. स्पीकर जुळवायला माझ्या पिशवीत एक तबकडी असते. तिच्यात एक शिट्टी आहे. खालच्या घुमण्यापासून ती सुरू होते आणि चढत चढत कानात सुई जावी इतकी बारीक होते.

"चाचा, एक तपासणी करू. आवाज ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा. बंद झाला की खाली."

"शाळंतल्यागत?" चाचा हसले आणि त्यांनी हात वर केला. मीही केला. तस्लीम त्यांच्या पाठीमागे दारात उभी होती, तिनंही केला.

शिट्टी चढायला लागली. अर्ध्या वाटेवर, अजून खोलीभर लख्ख आवाज असताना, चाचांचा हात खाली आला.

"हितं तुटलं."

माझा हात वरच होता. आवाज चढतच होता. थोड्या वेळानं मलाही ऐकू येईना. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. मी हात खाली घेतला, तरी तस्लीमचा वर होता. आमची नजरानजर झाली. तेवढ्यात चाचा मागे वळले. तिनं तो वरचा हात तसाच ओढणीकडे नेला आणि ओढणी सारखी केली.

"बघितलंसा? वायर हितं तुटती."

बोलायचं ते याच वेळी. शब्दही तयार होते: चाचा, वायर नाही, तुमचा कान. पण त्या वाक्याच्या मागून काय काय येणार, ते मला दिसत होतं. ते चिडणार. पुन्हा शिट्टी लावायला सांगणार. मी पुन्हा समजावणार. अय्याजचा फोन येणार. पाठ ठणकत होती. कुपवाडच्या एका गिऱ्हाइकाला चार वाजता येतो म्हणून सांगितलं होतं, आणि तोही वायरवरूनच भांडत होता. त्या वर्षी मला वायर या शब्दाचाच वीट आला होता.

"हो चाचा," मी म्हणालो. "वायरच. उद्या चांगली आणतो."

दारातून तस्लीम निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या काचेच्या कपाटातली शोभेची वायर घेऊन गेलो. काळी, अंगठ्याएवढी जाड, अंगावर विणकाम, दोन्ही तोंडं सोनेरी. बघूनच माणूस गार व्हावा अशी. आत तेच तांबं. चाचांनी ती हातात घेऊन तोलली, बोटांनी चाचपली, आणि खूश झाले. "आता हिला म्हणायचं तार."

ते दुपारच्या नमाजाला गेले, तेवढ्यात मी वायर लावली. आणि अँप्लिफायरच्या पुढचं लहान झाकण उघडलं. त्याच्यामागे दोन बारीक चकत्या असतात. एक घुमणारा आवाज कमीजास्त करते, दुसरी झणझणणारा. ती दुसरी चकती मी शेवटपर्यंत फिरवली आणि झाकण लावून टाकलं.

चाचा परत आले, खाली बसले. मी तबकडी सुरू केली. मला तर दाढा सळसळाव्यात तसं झालं. बाईंचा प्रत्येक 'स' पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. चाचा मात्र एकदम ताठ झाले. त्यांनी डोळे मिटले. हाताची बोटं मांडीवर तार छेडल्यासारखी हलायला लागली.

"आली," ते म्हणाले. "आली की वो. हीच ती." आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी उतरायच्या आधीच ते कारखान्यातल्या पेटीतून कानस काढायला खाली गेले.

जिन्याखाली तस्लीम उभी होती.

"बाईंचा आवाज असला न्हाई, भाऊ. काय केलंसा?"

"वायर बदलली."

ती नुसती बघत राहिली. मला ती नजर नको होती. मी चपला घातल्या, गाडीला किक मारली आणि सुटलो. खरं सांगायचं तर मला फार हलकं वाटत होतं. मिरजेचा फोन आता येणार नव्हता.

दोन आठवडे आला नाही. मग आला तो तस्लीमचा. "अब्बांनी बोलवलंय. येताना वायर आणू नका म्हणलेत."

कारखान्यात तीच जोडी सतरंजीवर होती, पण गवसणीबाहेर. मला वाटलं होतं एव्हाना ती पुण्याला पोचली असेल. ती पोचली होती, आणि परतही आली होती. सोबत चार ओळींची चिठ्ठी. बाईंनी लिहिलं होतं की पूर्वीपेक्षा जास्त टोचते आहे, सूर लावताच येत नाही. पाडव्याला अजून सहा दिवस आहेत, ड्रायव्हर आदल्या दिवशी येईल. जमत नसेल तर तसं सांगावं, त्या मन मोठं करतील. मी वाचेपर्यंत तस्लीम तिथं थांबली, मग जिन्याकडे बोट करून आत गेली.

वर चाचा एकटेच बसलेले. ती जाड काळी वायर गुंडाळून त्यांच्या पुढ्यात ठेवलेली होती. सलाम नाही, चहा नाही.

"बसा. ऐका."

त्यांनी तबकडी लावली. तोच दाढा सळसळवणारा आवाज. याच आवाजाशी जुळवत चाचांनी ती जोडी घासली होती.

"त्या दिवशी जसा हुता तसाच हाय?"

"तसाच आहे."

"कुठली वायर लावलीय बघा मागं."

मला वाकून बघायची गरज नव्हती, तरी वाकलो. प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये ती टीव्हीच्या खोक्यातली, लेंग्याच्या नाडीएवढी बारीक, पिवळ्या तोंडाची वायर होती. चाचांनी ती केशरी भोकात नीट बसवली होती. ताणलीही नव्हती.

"जोडी परत आली तवा म्हणलं, चूक माझ्या हाताची न्हाई, कानाची बी न्हाई. वायर परत बिघडली आसंल. म्हणून काढली आन् ही लावली. आवाज तोच." ते एकेक शब्द सुटा करून बोलत होते. "मग जाड लावली. तोच. परत ही लावली. तोच. तीन डाव केलं. म्हणजे तुमी पहिल्यांदा बोललासा ते खरं. तारेनं फरक पडत न्हाई."

"हो."

"मग त्या दिवशी फरक कशानं पडला, हुपरीकर?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. माझीच शिकवण त्यांनी तीन वेळा तपासून माझ्यापुढे ठेवली होती. मी पुढे सरकून झाकण उघडलं आणि ती चकती दाखवली.

"आधी कुठं हुती?"

"मधोमध."

"न्या तिथं."

मी चकती फिरवली. बाईंचा आवाज माणसाचा झाला, तंबोरे त्यांच्यामागे गोल, गोड वाजायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी ते मन लावून ऐकलं, आणि मला कळलं की हा माणूस खरोखरच केवढा कारागीर आहे. चाचा स्पीकरकडे कान करून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना मला दिसत होती.

"एवढं गेलंय?"

"हो चाचा."

"तुमाला कवापास्नं ठाऊक?"

"हात वर केले होते, त्या दिवसापासून."

"का बोलला न्हाईसा?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते ऐकायलाही बरं लागलं असतं. पण त्यांनी तीन तीन वेळा वायर बदलून खरं शोधलं होतं; त्यांच्यापुढे ते तोंडातून निघेना.

"दमलो होतो, चाचा. खेपा घालून दमलो होतो. तुम्ही पुन्हा बोलावू नये, एवढंच हवं होतं मला."

चाचांनी पुढ्यातली काळी वायर बाजूला सारली. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"मला वाटलं, दया आली म्हणून खोटं बोललासा," ते शेवटी म्हणाले. "त्येचाच राग हुता. गौसवर दया करणारा हा कोण? दमला म्हणताय तर काय बोलू?" त्यांनी हात लांब करून प्लेअर बंद केला. "मी बी दमलोय. दिवाळीपास्नं हा कान सांभाळतोय. कोण बोललं की तोंडाकडं बघायचं. पोरं हाका मारतात, वाटंल तिकडं वळायचं. कुणाला कळू द्यायचं न्हाई. लई दमलोय, हुपरीकर."

एवढं म्हणून ते उठले. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्याआधी कधी घेतला नव्हता.

खाली येऊन ते सतरंजीवर बसले आणि त्यांनी हाक मारली. तस्लीम कणकेचे हात पुसत आली. चाचांनी पेटीतून कानस काढली, बाहीनं पुसली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

ती मागे सरकली. "अब्बा, मैं?"

"और कौन है?"

"अय्याज को पूछके..."

"अय्याज के कान मस्कत में हैं," चाचा म्हणाले. "ले."

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि मग तिचा बांध फुटला. चाचांनी तिला रडू दिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी जाऊ नका. भोपळा धरून बसा. तेवढं तर करा." मी मांडी घालून बसलो. उसणीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

ती जोडी पाडव्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर घेऊन गेला आणि ती परत आली नाही. पुढे बाई होत्या तोवर त्यांचे तंबोरे त्याच घरी येत राहिले, आणि त्यांच्यानंतर इतरांचे येतात. काळी वायर मी काचेच्या कपाटात परत ठेवली नाही. कुणी वायरबद्दल विचारलं की मी आधी गिऱ्हाइकाला शिट्टी ऐकवतो, आणि जे असेल ते सांगतो. काहीजण उठून जातात. जाऊ देत. गेल्या वर्षी मुलीनं मलाच ती ऐकवली. माझा हात कुठे खाली आला ते तिनं सांगितलं, आणि मी तिला मिरजेची ही सगळी हकीकत सांगितली.

पण त्या दुपारचं मला आठवतं ते वेगळंच. घोडीचा जास्त झालेला उतार मोडत तस्लीम दोन-चार हलके हात मारायची, फुंकर घालायची, दोरा सरकवायची. चाचा तार छेडायचे आणि विचारायचे, "कैसा?" ती म्हणायची, "अब्बा, तीखा है." पुन्हा कानस. असं कितीतरी वेळा झालं. मग एकदा चाचांनी तार छेडली, आणि ती काहीच बोलली नाही. कानस तिनं खाली ठेवली होती.

"बोल की."

तिला बोलवेना. चाचा म्हणाले, "हात वर कर. ऐकू येतंय तोवर खाली घेऊ नको."

तिनं हात वर केला. चाचांनी पुन्हा तार छेडली आणि पंजा भोपळ्यावर ठेवला. सूर फुलत गेला, खोलीभर पसरला, बारीक होत गेला. चाचांचा कान कधीच सुटला असणार, कारण ते आता ऐकत नव्हते, वर बघत होते. हळूहळू मलाही ऐकू येईनासं झालं. भोपळासुद्धा माझ्या हाताखाली गप्प झाला.

तस्लीमचा हात वरच होता. चाचा त्या हाताकडे एकटक बघत होते, आणि तो अजून खाली येऊ नये, अजून येऊ नये, असं म्हणत त्यांचे ओठ हलत होते.